पायाखालचा दगड

पर्यटनाच्या नकाशावर ज्यांची नावे कधी ठळक अक्षरांत छापली जात नाहीत, अशा मुलखांत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची गणना करायला हरकत नाही. नांदेडला लोक जातात ते गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी. लातूरला मुले जातात ती बारावीच्या शिकवण्यांसाठी. या दोहोंच्या आसपासचा जो ऐसपैस मुलूख आहे, तो ‘पाहायला’ म्हणून कोणी निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एसटीच्या खिडकीतून, दोन डुलक्यांच्या मध्ये, जेवढा दिसेल तेवढा तो दिसतो. सपाट माथ्याच्या टेकड्या, काळी राने, तुरीच्या ओळी, मध्येच एखादे एकटे लिंबाचे झाड. पुढच्या स्थानकावर चहा बरा मिळेल की नाही, याहून गहन विचार त्या खिडकीशी कोणाला सुचत नाही.

हा मुलूख मी दहा दिवस पायी चाललो. देगलूरजवळच्या होट्टलपासून औसा तालुक्यातल्या किल्लारीपर्यंत. आणि गंमत अशी, की त्याला निमित्त झाले ते आइसलँडचे!

माझा भाचा नोकरीनिमित्त परदेशात असतो. तो आइसलँडमधील लाउगावेगुर नावाची पायवाट चालून आला. पंचावन्न किलोमीटर, चार दिवस. ज्वालामुखीने घडवलेला ओसाड प्रदेश, वाटेत जमिनीतून निघणाऱ्या वाफा, काळी वाळू, आणि दर मुक्कामाला तिथल्या प्रवासी संस्थेची एकेक लाकडी झोपडी. त्या झोपडीतली झोपायची जागा कित्येक महिने आधी पैसे भरून राखून ठेवावी लागते म्हणे. एका लग्नाच्या निमित्ताने सारे घर पुण्याला जमले होते, तेव्हा त्याने सर्वांना फोटो दाखवले. बायका ‘अगंबाई!’ म्हणाल्या, पुरुषांनी खर्च किती आला ते विचारले. माझे मामा तेवढे चष्मा कपाळावर चढवून एकच फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘अरे, ह्यो दगड तर आपल्याच रानातला हाय. त्यांचा अजून ऊन हाय, आपला गार झालाय. एवढाच काय तो फरक!’’

मामांचे वय बहात्तर. देगलूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर तिथेच त्यांनी घर केले. मूळचे आम्ही मंडळी औसा तालुक्यातली. मामांच्या बोलण्यात थट्टा किती आणि पाठ किती हे ओळखणे कठीण. परंतु या खेपेला त्यांचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीलाही पुरते उतरते.

आइसलँडमध्ये १७८३ साली जमिनीला सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग पडून तप्त रस वाहू लागला, तो आठ महिने वाहत राहिला. विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली पाचातले एक माणूस दगावले. आपल्याकडे हाच प्रकार झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यापुढे आइसलँडचे प्रकरण म्हणजे चुलीवर उतू गेलेले दूध! डोंगराच्या शेंड्यातून उसळणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो, तसा हा नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रसाचे पूर एकामागून एक पसरत गेले. एक थर निवला की त्यावर दुसरा. झिजून झिजून उरलेल्या या खडकाने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. थरावर थर असल्यामुळे डोंगराला पायऱ्या दिसतात, म्हणून पायरीवाचक स्वीडिश शब्दावरून शास्त्रज्ञांनी त्याला ‘ट्रॅप’ हे नाव दिले. हाच आपला दख्खनचा काळा पाषाण.

सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटर भरते. पूर्वेकडे यावे तशी ती कमी कमी होत जाते, आणि नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, ही गोधडी संपते. काठाबाहेर उघडा पडतो तो तिच्या खालचा खडक. अडीचशे कोटी वर्षांचा, तांबूस-करडा, हत्तीच्या पाठीसारख्या गोल धोंड्यांचा. म्हणजे देगलूरकडून पश्चिमेला चालत निघायचे म्हणजे गोधडीच्या काठावरून मध्याकडे सरकत जायचे. भाच्याने हे सारे फोनवर नकाशा काढून मामांना दाखवले. मामांनी तो नकाशा पाहिला आणि बोट ठेवले ते दुसऱ्या टोकावर. किल्लारीवर.

मला मामांच्या मनातले तेव्हाच कळले. किल्लारीला माझी मावशी दिली होती.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या दोन जिल्ह्यांतली जवळजवळ आठ हजार माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. दहा हजार म्हणणारेही आहेत. माझी मावशी त्यांतली एक. मावसे वाचले, कारण रानात राखणीला म्हणून ते शेतातल्या कडब्याच्या खोपीत निजले होते. खोपीचा एक मेढा वाकला, एवढेच तिथे झाले. घरी मात्र दोन हात रुंदीच्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे माळवद. मावसे गावात पळत आले तेव्हा गल्लीच ओळखू येईना.

पुढे नवे गाव जुन्यापासून दूर वसले. मावशांनी पडलेल्या घराचे दगड बैलगाडीने वाहून आपल्या शेताच्या बांधावर नेऊन टाकले. का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही. तीस वर्षे तो ढीग तसाच पडून राहिला. त्यावर घाणेरी उगवली, सापांनी घरे केली. दोन वर्षांमागे मावसे वारले. आता मावसभावांचे म्हणणे, की खडीवाला ट्रॅक्टर घेऊन दारात उभा आहे. दगड त्याला द्यावेत, बांध मोकळा करावा. यात गैर काहीच नाही. परंतु दोन्ही घरांत वडीलधारे आता मामाच, आणि त्यांनी होय म्हटल्याशिवाय त्या ढिगाला हात लावायला मुले तयार नव्हती. मामा ‘होय’ही म्हणत नव्हते आणि ‘नको’ही म्हणत नव्हते. त्या पहाटेनंतर ते एकदा मावशीच्या दहाव्याला गेले, ते पुन्हा किल्लारीला गेले नव्हते. स्वतःच्या देगलूरच्या घराला त्यांनी पत्र्याचे छप्पर केले, ते उन्हाळ्यात तव्यासारखे तापते. तरी त्याखाली निजतात.

‘‘मोटारीनं चार तासांत पोचंल,’’ ते मला म्हणाले, ‘‘मग इचार कवा करू? चालत जाऊ. येतूस का?’’

मार्गशीर्ष वद्य सप्तमीला आम्ही होट्टलच्या सिद्धेश्वरापुढे नारळ फोडून निघालो. हे चालुक्यांच्या काळातले देऊळ. भिंतीवरच्या सुरसुंदरींची वर्णने तज्ज्ञांनी केली आहेत, ती मी करीत नाही. मामांनी मला दाखवले ते निराळेच. दगडावर दगड कसा बसला आहे ते त्यांनी नखाने सांधा चाचपून दाखवले. नख आत जाईना. ‘‘हजार वर्षांमागं गवंड्याला हे जमत हुतं,’’ एवढे बोलून ते चालू लागले.

पायी चालायला या मुलखात दोनच कारणे मान्य आहेत. एक पंढरपूर आणि दुसरे बस चुकणे. आमच्यापाशी पताका नव्हती आणि टाळही नव्हते, तेव्हा पहिल्याच दिवसापासून चौकशी सुरू झाली. ‘‘कुठून येऊलालाव?’’ ‘‘चालत? एसटी बंद हाय का काय?’’ ‘‘नवस हाय का?’’ मामा गंभीर चेहऱ्याने सांगत, ‘‘दगड बघायला निघालाव.’’ त्यावर समोरचा माणूस एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे पाही, आणि आपल्याला यातले अधिक काही कळून घ्यायचे नाही असे ठरवून म्हणे, ‘‘बरं, च्या तर घ्या.’’

मुखेडची वाट धरली तसे गोल धोंडे मागे पडू लागले. आधी रानात ढिगांनी दिसत, मग तुरळक झाले. मग एका ओढ्याच्या काठाला मामा थांबले. पाण्याने कापलेल्या दरडीत खडकाची काळी, आडवी पट्टी दिसत होती. ‘‘हितून आपलं राज्य चालू,’’ ते म्हणाले. मातीचाही रंग बदलला. ज्या काळ्या मातीत ज्वारी आणि हरभरा पिकतो, ती दुसरे काही नसून हाच दगड कुजून झालेली आहे. आपण भाकरी खातो ती एका अर्थी या थंड झालेल्या आगीचीच. हे मी मोठ्या उत्साहाने मामांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘चवथीच्या पुस्तकात मीच शिकवलं की रे.’’

मुक्कामांची गोष्ट सांगितली पाहिजे. आइसलँडमध्ये झोपडीतली जागा महिनोन्‌महिने आधी राखावी लागते. इकडे जागा राखण्याची रीत म्हणजे ‘‘कोणत्या गावचे तुम्ही?’’ या प्रश्नाला सरळ उत्तर देणे. उत्तरातून कोठेतरी कोणाची तरी लेक कोणाला तरी दिलेली निघते आणि घोंगडे पसरले जाते. नांदेडकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात, लातूरकडे गुरांच्या गोठ्याला कोठा. नऊ रात्रींत आम्ही तीन आखाड्यांवर, दोन कोठ्यांत, एका मारुतीच्या सभामंडपात, एका लिंगायत मठाच्या ओवरीत, एका शाळेच्या व्हरांड्यात आणि एकदा एका पीठगिरणीवाल्याच्या घरी निजलो. शाळेच्या व्हरांड्यात मामांना फार शांत झोप लागली. सवय!

आखाडा म्हणजे काय, तर चार मेढी, वर तुराट्या नाही तर पत्रा, बाजूला कडब्याची गंज, बैलांची दावण आणि चुलीपुरता आडोसा. थंडी कडाक्याची. शेकोटीभोवती बसावे, कोणी तव्यावरची भाकरी हातावर द्यावी, वर ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वाटीत पिठले. त्यानंतर जे बोलणे निघे ते दर मुक्कामी एकाच विषयाकडे वळे. पाणी.

जांबेच्या पुढे एका आखाड्यावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. जन्मभर त्यांनी विहिरी खोदल्या होत्या. भूगर्भाची माहिती माझ्या भाच्याच्या फोनपेक्षा त्यांच्या बोटांत अधिक होती. काठीने राखेत रेघा ओढत त्यांनी आम्हाला जमीन उलगडून दाखवली. वर काळी माती, खाली मुरूम. मुरुमाखाली मांजऱ्या, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ, सच्छिद्र दगड. त्याखाली काळा पाषाण, ज्यावर पहार आपटली की घंटेसारखी वाजते. कुठे मध्येच गेरूचा तांबडा पट्टा. एक थर निवून त्याची माती झाली आणि मग तिच्यावर दुसरा थर आला, त्याची ती खूण. ‘‘पाणी पाषाणात नस्तंय,’’ ते म्हणाले. ‘‘पाषाणाच्या चिरंत ऱ्हातंय. चीर घावली तर इहीर, न्हाई तर खड्डा.’’

सारा मराठवाडा या एका वाक्यात आला. काळा पाषाण स्वतःपाशी पाणी ठेवीत नाही. वरच्या कुजक्या थरात आणि भेगांत जे काय मुरेल तेवढीच आपली पुंजी. विहिरीचे दिवस होते तेव्हा त्या पुंजीच्या व्याजावर गाव चाले. मग बोअर आले, पाचशे फूट, सातशे फूट, आणि आपण मुद्दलच उपसू लागलो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पाणी द्यायला धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिली गाडी आली १२ एप्रिलला. दहा टाक्या, पाच लाख लिटर. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून आलेले ते पाणी पाहायला माणसे रुळाकाठी जमली होती. त्या म्हाताऱ्यांनी ही गोष्ट सांगताना दगडाला बोल लावला नाही. ‘‘त्यो काय करंल? त्येच्यात जेवढं घातलं तेवढंच त्यो देणार.’’

मामा त्या रात्री बराच वेळ जागे होते. शेकोटी विझत आली तरी राखेतल्या त्या रेघांकडे पाहत होते.

शिरूर ताजबंद ओलांडून आम्ही चाकूरकडे वळलो. वाटेत घोडेवाले भेटत होते. माळेगावच्या खंडोबाची जत्रा तोंडावर आली होती आणि आम्ही एकटेच तिला पाठ करून चाललो होतो. वडवळ नागनाथचे बेट लागले. बेट म्हणजे पाण्यातले नव्हे. सपाट माथ्याची टेकडी, औषधी वनस्पतींसाठी नावाजलेली. माथ्यावर उभे राहिले की पायऱ्या म्हणजे काय ते दिसते. एक सपाटी, मग उतार, पुन्हा सपाटी, पुन्हा उतार. जणू कोणी घाटच बांधला आहे आणि नदी तेवढी आणायची राहिली आहे. वाऱ्याशिवाय आवाज नाही. भाच्याच्या फोटोंत जे एकाकीपण होते, तेच इथे होते. परंतु तिथे चार दिवसांत त्याला माणसे भेटली ती पर्यटकच. इथे दर मैलावर कोणीतरी तूर कापीत होते आणि हात वर करून विचारीत होते.

लातूर शहर आम्ही एका दुपारी मुकाट्याने ओलांडले. शिकवणीच्या फलकांवरची हसरी मुले, उसाच्या मोळ्या लादलेले ट्रॅक्टर. दुसरे दिवशी पाहतो तो रस्ते रिकामे, दुकाने बंद! कोणाला वाटावे काही अघटित घडले. पण ती वेळ अमावस्या होती. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे या भागाची दुसरी दिवाळी. त्या दिवशी सारे लातूर शेतात असते. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडे असतो. औशाच्या वाटेवर एका कुटुंबाने आम्हाला हाताला धरून ओढूनच नेले. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप घातलेली, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडलेले. ते पांडव. त्यांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातले थंड आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. हिरवे वाटाणे, तुरीचे-हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि मिळेल ती पालेभाजी एकत्र शिजवून केलेला तो प्रकार आहे, आणि तो ज्याने खाल्ला नाही त्याने मराठवाडा पाहिला असे म्हणू नये.

कोपीत बसून मामा त्या पाच दगडांकडे पाहत होते. घरच्या आजीबाई सहज म्हणाल्या, ‘‘भूकंपात आमचं सगळं पडलं बघा, गुरुजी. दोन नातवंडं गेली. पर दुसऱ्या सालीबी पांडव मांडलेच. दगडावर राग धरून कसं भागंल? शेत त्येच्यावरच हाय की.’’ आणि त्यांनी मामांच्या वाटीत आणखी आंबील ओतले.

औशाचा किल्ला आम्ही दुसरे दिवशी सकाळी पाहिला. एके काळी मलिक अंबरच्या ताब्यात असलेला हा भुईकोट त्याच काळ्या दगडाचा, शतकानुशतके उभा आहे. तिथे मामा प्रथमच मोकळेपणाने बोलले. भूकंपानंतर जी इंजिनियर मंडळी आली, त्यांनी काय सांगितले होते ते त्यांनी शाळेत मुलांना शिकवले होते; पण घरी कधी उच्चारले नव्हते. आपल्या घरांच्या भिंती दिसायला दोन हात रुंद, पण त्या एक भिंत नव्हत्याच. आतून एक थर, बाहेरून एक थर, आणि मध्ये चिखल व चिपा. या अंगापासून त्या अंगापर्यंत पोहोचणारा लांब दगड, जो दोन्ही थरांना धरून ठेवतो, तो घातलेलाच नव्हता. भिंत हलली की दोन्ही पदर दोहोंकडे सुटले. वर माळवदाची माती. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला म्हणून आणखी एक थर चढवायचा. पिढ्यान्‌पिढ्या साठलेले ते ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जिथे छप्पर लाकडी खांबांवर तोललेले होते, तिथे कित्येक ठिकाणी भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले. आणि कुडाच्या झोपडीत निजलेली माणसे बहुतेक वाचली. ज्यांची ऐपत मोठ्या घराची होती, त्यांच्यावर ते घर पडले.

आपल्या लोकांचा तरी काय दोष म्हणावा? ही भूमी कधी हलत नाही, अशी शास्त्रज्ञांचीही समजूत होती. भूकंपाच्या नकाशावर किल्लारी सर्वांत निर्धास्त पट्ट्यात होती. १९६७ साली कोयनेने एकदा बजावले होते, पण तिथे धरण होते म्हणून तो अपवाद समजला गेला. आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसले; माणसे काही रात्री बाहेर निजली आणि मग घरात गेली. पुढे किल्लारीला शास्त्रज्ञांनी जमिनीला भोक पाडून पाहिले. काळ्या पाषाणाची जाडी भरली ३३८ मीटर. त्याखाली जुन्या गाळाचा आठ मीटरचा थर, आणि त्याखाली तोच पुरातन खडक, जो देगलूरला उघड्यावर हत्तीसारखा बसलेला आम्ही पाहिला होता. भूकंप उगम पावला तो त्या खालच्या खडकात, अवघ्या काही किलोमीटर खोलीवर. वरची काळी गोधडी तेवढी त्याच्या अंगावर होती. २००२ साली नकाशे बदलले आणि हा भाग अधिक धोक्याच्या पट्ट्यात गेला.

संध्याकाळी आम्ही किल्लारीला पोहोचलो. नवे गाव सरळ रस्त्यांचे, रांगांच्या घरांचे. दोन्ही जिल्ह्यांत मिळून अशी बावन्न गावे नव्याने वसवली गेली. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या आहेत. स्मृतिस्तंभापाशी दर ३० सप्टेंबरला पोलीस सलामी देतात. मामांनी चप्पल काढली, पण आत फार हिंडले नाहीत. मावशीचे घर कोठे होते ते त्यांना बरोबर सापडले, कारण दारातली चिंच अजून आहे. तिथे ते थोडा वेळ उभे राहिले, एवढेच मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. मावसभावांनी घाणेरी तोडून ढीग मोकळा केला होता. मामा त्याच्याभोवती फिरले, एकेक दगड पायाने हलवून पाहिला. चांगले घडीव चिरे थोडे. बाकी सारे ओबडधोबड. लांब दगड एकही नव्हता. ते मग बांधापलीकडच्या विहिरीकडे गेले. विहीर जुनी, चाळीस हात खोल, पण वरची मातीची दरड दर पावसाळ्यात ढासळून आत पडे, आणि म्हणून तिचा वापर सुटला होता. शेजारी दोन बोअर, दोन्ही कोरडे.

‘‘खडीवाल्याला न्हाई म्हणून सांगा,’’ मामा म्हणाले. ‘‘इहिरीतला गाळ काढा आन् ह्या दगडानं तिची कड बांधा. भुईच्या खाली बांधल्याली भिंत कुणाच्या अंगावर पडत न्हाई.’’

मावसभाऊ व्यवहारी आहेत. त्यांनी खर्चाचा हिशेब विचारला, गवंडी कोण मिळणार ते विचारले, आणि सिमेंटच्या कड्या टाकल्या तर आठ दिवसांत काम होईल हेही सांगितले. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नुसता दगड बांधणारा गवंडी आता गावोगाव नाही. भूकंपानंतर दगडी भिंत म्हटले की माणसे अंग चोरतात, आणि जे काम कोणी मागत नाही ते कोणी शिकतही नाही. भूकंपाने घरे पाडली. विद्या मात्र आपण भीतीने सोडली. शेवटी निलंग्याकडचे एक साठी उलटलेले वडार मिस्त्री मिळाले. त्यांनी पहिल्याच दिवशी ढीग पाहून मामांच्या मनातलेच म्हटले, की लांब दगड लागतील, यांत नाहीत. ते त्यांनी खाणीवरून निराळे आणवले. दर हातभर उंचीला तीन-तीन लांब दगड आरपार, मातीत घुसवून.

काम चालू होते तोवर मामा सव्वा महिना तिथेच राहिले. कडब्याच्या कोठ्यात निजत, सकाळी मिस्त्रींच्या हाताखाली चिपा देत. मी मधून मधून फोन करी. एकदा म्हणाले, की मावशीच्या उंबऱ्याचा दगड ढिगात सापडला, तिने उखळीत कांडता कांडता त्याला पडलेला खळगाही आहे. तो त्यांनी विहिरीत उतरायच्या पहिल्या पायरीला बसवला.

यंदाच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी किती आले, असे मी परवा विचारले. मामांनी हातांत किंवा फुटांत उत्तर दिले नाही. ‘‘खालून चवथ्या लांब दगडापतोर,’’ ते म्हणाले. ‘‘मिस्त्रीनं घातल्यात सात. अजून तीन बाकी हायेत.’’ आणि लगेच विचारले, की भाच्याला पुढच्या वेळ अमावस्येला सुटी मिळते का पाहा. त्याला आपल्याकडचा गार झालेला दगड दाखवायचा आहे. झोपायच्या जागेसाठी पैसे भरावे लागणार नाहीत, हेही कळवायला सांगितले आहे.